हवेवरचा आर्म आणि एक हट्टी वायर

एलपी वाजत असताना सुईला आत कोण सरकवतं? मोटर तर नुसती तबकडी फिरवते. आर्मला, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याला, ना गिअर, ना दोरी, ना कसला दट्ट्या. सुईला आत नेते ती खाच. दर फेरीला साधारण ०.१३ मिलिमीटर, मिनिटाला चारेक मिलिमीटर, वीस मिनिटांच्या एका बाजूत साडेआठ सेंटीमीटर. ज्या भिंतींवर गाणं कोरलंय, त्याच भिंतींनी सुईला, सुईवरच्या कार्ट्रिजला (सुईची थरथर विजेत बदलणाऱ्या डबीला) आणि मागच्या सगळ्या लवाजम्याला ओढत न्यायचं. खाच गातेही आणि हमालीही करते.

एडिसनच्या १८७७च्या फोनोग्राफमध्ये ही हमाली स्क्रूकडे होती. आट्यांचा दांडा फिरायचा, त्यासोबत नळकांडं सरकायचं आणि सुई आपल्या जागी बसून फक्त थरथरायची. पुढे एमिल बर्लिनरने चपट्या तबकडीचा ग्रामोफोन आणला आणि हे काम खाचेच्या गळ्यात पडलं, ते आजतागायत. सरळ रेषेत जाणाऱ्या आर्मची जी दोन घराणी पुढे झाली, त्यांचं मूळ मला इथेच दिसतं. बँग अँड ओलुफसेनचा १९७२चा बिओग्राम ४००० हा टर्नटेबल घ्या: आर्म किती तिरका झाला ते यंत्र ओळखतं आणि छोटी मोटर त्याला पुढे नेते. हे एडिसनचं घराणं. हवेच्या बेअरिंगवरचा आर्म मात्र पक्का बर्लिनरचा. त्याला कोणी ढकलत नाही. घर्षण जवळजवळ शून्यावर आणायचं आणि ओढायचं काम खाचेवरच सोडायचं, एवढीच त्याची युक्ती.

अशा आर्मची जाहिरात नेहमी भूमितीने सुरू होते. मूळ लॅकर, म्हणजे जिच्यावर खाच पहिल्यांदा कोरतात ती तबकडी, कापणारं लेथ कटरला त्रिज्येवरून सरळ नेतं. घरातला नेहमीचा आर्म एका टोकाला खिळलेला असतो, तो कंस काढतो. म्हणून नऊ इंची आर्ममध्ये सुई मधल्या खुंटीच्या सतरा-अठरा मिलिमीटर पुढे ठेवतात आणि हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज बसते ते टोक, तेवीस-चोवीस अंशांनी वाकवतात. लॉफग्रेन (१९३८) आणि बेअरवाल्ड (१९४१) यांनी ही गणितं इतकी नेटकी करून ठेवली आहेत की मध्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर सुईच्या कोनातली चूक शून्य होते आणि बाकी ठिकाणी ती दोन अंशांच्या आसपासच राहते. दोन अंश म्हणजे फार नव्हे. नीट लावलेल्या साध्या आर्मवर मी इतकं सुंदर ऐकलंय की केवळ या दोन अंशांसाठी कोणी पंप, टाकी आणि नळ्यांचा पसारा घरात मांडू नये, असंच मी सांगेन.

खरी गोम त्या वाकवलेल्या हेडशेलमध्ये आहे. खाच सुईला घासत पुढे ओढते, पण त्या ओढीची रेषा आर्मच्या खिळीतून जात नाही. त्यामुळे सुई सतत आतल्या भिंतीवर रेलते. हे स्केटिंग. ढोबळमानाने सुईवरच्या भाराच्या दहाव्या हिश्श्याएवढं. ते रोखायला उलट दिशेने वजन किंवा स्प्रिंग लावतात, पण घर्षण संगीताच्या चढउतारांबरोबर बदलत असतं आणि स्प्रिंगला त्याचा पत्ता नसतो. सरळ जाणाऱ्या आर्ममध्ये वाकवणं नाही, म्हणून स्केटिंग नाही, म्हणून त्यावरचा अंदाजपंचे उताराही नाही. माझ्या लेखी या आर्मची कमाई ही आहे. आणि तिची किंमतही इथेच मोजावी लागते. मोठं बळ गेलं की त्याच्या आडोशाला लपलेली सगळी बारीक बळं उघडी पडतात.

माझा आर्म एमिनंट टेक्नॉलॉजीचा ईटी-२. ब्रूस थिगपेन यांनी १९८०च्या दशकात केलेली ही रचना. जागेवर घट्ट बसवलेली एक जाड बाही, तिच्या आतल्या बाजूला बारीक भोकं, आणि त्या बाहीत एक गुळगुळीत नळी. भोकांतून आलेली हवा दोघांमध्ये एक पातळ थर धरते आणि नळी बाहीला कुठेही न टेकता तरंगते. नळी सरकली की आर्म रेकॉर्डवर आत-बाहेर जातो, नळी स्वतःभोवती फिरली की सुई वर-खाली होते. दोन्ही हालचालींना एकच बेअरिंग. हवेची रबरी नळी बाहीला जोडलेली असल्यामुळे ती हलत नाही, हे मला या रचनेतलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. जिथे हलणाऱ्या भागालाच हवा पोचवावी लागते, तिथे ती नळीच लगाम होऊन बसते.

पंप बंद असताना ही नळी बाहीत नुसती पडलेली असते, ढकलली तर खरखरत सरकेल. तशी ढकलायची नाही, पृष्ठभागावर ओरखडा उठतो आणि तो कायमचा राहतो. हवा सुरू केल्यावर दिसायला काहीच बदलत नाही. पण मग आर्मच्या बाजूने हलकी फुंकर घाला. तो न थरथरता, न अडखळता निघतो, टोकाला जाऊन आपटतो आणि तितक्याच सहजपणे परत येतो. वाटेत जराही थबकला, तर नळी बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, धागे न सोडणाऱ्या कापडाने. बोटाच्या ठशाचा तेलकटपणासुद्धा इथे पुरतो, कारण हवेचा थरच मुळी केसाच्या जाडीहून कमी असतो.

मग जुळवणी. पहिली गोष्ट रेषेची. सुईचा प्रवास बरोबर त्रिज्येवरून झाला पाहिजे, म्हणजे तिची रेषा पुढे वाढवली तर मधल्या खुंटीच्या केंद्रातून जायला हवी. सरळ आर्म म्हणजे चूक शून्य असं जे म्हणतात, त्यातली अट इथे आहे. सुई त्या रेषेपासून एक मिलिमीटर पुढे किंवा मागे राहिली, तर बाहेरच्या खाचेत (१४६ मिलिमीटर) चूक ०.४ अंश येते आणि आतल्या खाचेत (६० मिलिमीटर) ती वाढून जवळजवळ एक अंश होते. म्हणजे जिथे रेकॉर्ड आधीच सर्वांत नाजूक, तिथेच सर्वांत जास्त. निष्काळजीपणे लावलेला हवेवरचा आर्म शेवटच्या गाण्यात नीट लावलेल्या साध्या आर्मपेक्षा वाईट वाजू शकतो. पातळ आरशावर एक रेघ ओढायची, आरसा खुंटीत बसवायचा आणि सुई बाहेर, मध्ये, आत अशी टेकवून बघायची. सुई आणि तिचं प्रतिबिंब तिन्ही जागी रेघेवरच जुळलं पाहिजे.

दुसरी गोष्ट सपाटीची, आणि इथे माणसाची खरी परीक्षा होते. हलणारं सगळं मिळून ४० ग्रॅम धरा. आर्मची वाट एका अंशाच्या दहाव्या भागाने उतरती असेल, तर ०.०७ ग्रॅमएवढी ढकल सुईला सतत बाजूला रेटते. भार दोन ग्रॅम धरला तर नेहमीच्या आर्ममधल्या स्केटिंगच्या एक-तृतीयांश. आणि एका अंशाचा दहावा भाग म्हणजे किती, तर रेकॉर्डच्या पूर्ण रुंदीवर अर्धा मिलिमीटर. साध्या पाणसळीच्या बुडबुड्याला हे धड दिसतही नाही. स्केटिंग नको म्हणून एवढा खटाटोप करायचा आणि पायाचा एक स्क्रू पाव फेरी कमी पिळल्यामुळे ते मागच्या दाराने आत घ्यायचं, असं होतं.

म्हणून अखेरची सपाटी आर्मलाच विचारावी. मागचं वजन सरकवून सुईवरचा भार शून्य करायचा, आर्म आडवा तरंगू द्यायचा, हात मागे घ्यायचा आणि वाट पाहायची. तो हळूहळू कुठेतरी निघतो. निघतोच. प्रश्न असतो तो कशामुळे निघाला, आणि त्याच्या चालीवरून ते ओळखता येतं. उतार असेल तर आर्म वाटेतल्या कुठल्याही जागेवरून एकाच बाजूला निघतो आणि वेग घेत जातो. हवेची सगळी भोकं सारख्याच जोराने फुंकत नसतील तर तोही एकाच बाजूला जातो, पण पंपाचा दाब कमीजास्त केला की त्याची ओढ बदलते. उताराची ओढ दाबाला विचारत नाही. आणि डावीकडून सोडला तरी, उजवीकडून सोडला तरी तो मधल्या एका ठरावीक जागी येऊन थांबत असेल, तर तो वायरचा खेळ. वायर स्प्रिंगसारखी वागते आणि तिची आवडती जागा तिने ठरवलेली असते.

ही वायरच सगळ्यांत हट्टी. कार्ट्रिजच्या चार पिनांपासून निघालेल्या चार तारा कुठेतरी हलणाऱ्या भागावरून स्थिर भागावर उतरल्याच पाहिजेत, आणि तिथे त्या वाकतात, वळतात, ढकलतात. नेहमीच्या आर्ममध्ये त्या खिळीच्या मधोमध उतरतात, वळणही थोडंच पडतं, म्हणून त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. इथे त्यांना साडेआठ सेंटीमीटर सोबत चालायचं असतं. मी केलेल्या बदलांपैकी कानाला सर्वांत स्पष्ट कळला तो हाच. मधले जोड काढून टाकले आणि केसासारख्या बारीक, रेशीम गुंडाळलेल्या लिट्झ (अनेक बारीक तंतूंच्या) तारा कार्ट्रिजपासून थेट मागच्या सॉकेटपर्यंत अखंड नेल्या. चारही तारा एकत्र पिळायच्या नाहीत. पीळ दिला की गोंगाट कमी होतो हे खरं, पण दोरी कडक होते. त्या सुट्या ठेवून एका मोठ्या, सैल कमानीत सोडायच्या. कमानीचा माथा कुठे असावा, याचं सूत्र मला कुठे मिळालेलं नाही. चिमट्याने कमान थोडी वर, थोडी मागे, आर्म तरंगवून बघायचा, पुन्हा थोडी वर. चांगल्या प्रकाशात, चष्मा पुसून, आणि घरात कोणी पंखा लावलेला नसताना.

जमलं की नाही हे शेवटी वाजत्या रेकॉर्डवर बघायचं. समोरून, भिंगातून, सुईच्या दांडीकडे. स्थिर असताना ती कार्ट्रिजच्या मध्यावर दिसते. वाजतानाही, बाहेर, मध्ये आणि आत, तिने मध्यावरच राहायला हवं. ती एका बाजूला कलून चालत असेल, तर कोणतं तरी बळ उरलंय. कानाला हे पियानोच्या लांब रेंगाळणाऱ्या सुरांत आणि गाणाऱ्याच्या ‘स’ आणि ‘श’ मध्ये कळतं. दोन्ही स्पीकरमध्ये ‘स’ सारखाच स्वच्छ हवा. एकाच बाजूला फुटत असेल तर कार्ट्रिजला दोष देण्याआधी वायर बघा.

हवेबद्दल मात्र हौशी लोक गरजेपेक्षा जास्त बोलतात असं माझं मत आहे. दाब वाढवला की बेअरिंग जास्त ताठ होतं, हे खरं. ईटी-२ मुळात काही मोजक्या पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब) साध्या पंपावर चालत असे आणि अनेकांनी तो दाब कितीतरी पट वाढवला. कुझ्माच्या एअर लाइनसारखे आर्म तर रचलेलेच साठेक पीएसआयसाठी. पण कमी दाबासाठी आखलेल्या बाहीत नुसती जास्त हवा कोंबली तर ती सिसकारायला लागते, आणि काही बेअरिंगं एका मर्यादेनंतर स्वतःच थरथरू लागतात. शिवाय दाबलेल्या हवेतून पाणी सुटतं. दमट दिवसांत नळीच्या सखल वळणावर थेंब साचलेले दिसतात, आणि तो थेंब बेअरिंगमध्ये गेला की आर्म चिकटतो. तेव्हा दाब वाढवायचाच असेल तर आधी तेल न टाकणारा पंप, पाणी धरणारा फिल्टर आणि दाबनियंत्रक हवा.

माझ्या दृष्टीने दाबापेक्षा दाबाचं स्थैर्य महत्त्वाचं. मत्स्यालयाला लावतात तसल्या पडद्याच्या पंपाचा पडदा वीजपुरवठ्याच्या तालावर, ५० किंवा ६० हर्ट्झच्या हिशेबात हलतो, आणि हवा झटक्या-झटक्याने येते. यावर इलाज सोपा. पंपानंतर एक अरुंद अडथळा, मग एक टाकी, मग आर्म. वीजपुरवठ्यात रोध आणि कपॅसिटर जे करतात तेच इथे अडथळा आणि टाकी करतात, झटके टाकीत विरतात. टाकी किती मोठी हवी? मोठीच बरी. तपासायचं कसं, तर मोटर बंद ठेवून सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवायची, आवाज बेताने वाढवायचा आणि पंप बंद करायचा. टाकीतली हवा आर्मला थोडा वेळ तरंगत ठेवते. त्या वेळात स्पीकरमधली घरघर कमी झाली, तर ती पंपाची होती. आमच्या घरी पंपाला ‘दमेकरी’ म्हणतात, आणि तो दुसऱ्या खोलीत जाण्यामागे ध्वनिशास्त्राइतकाच हा लोकमताचाही दाब होता.

आता ज्या मुद्द्यावर मी तासन्‌तास बोलू शकतो, तो. मागचं वजन. खिळीवरच्या आर्मबाबत सगळेच शिकवतात की वजन जड घ्या आणि खिळीच्या जवळ ठेवा, म्हणजे जडत्व कमी राहतं. हवेवरच्या आर्मवर हे निम्मंच खरं. वर-खाली हालचालीला तो नियम लागू आहे, कारण तिथे नळी फिरते. पण आडव्या हालचालीत काहीच फिरत नाही, सगळं एकगठ्ठा सरकतं. तिथे वजन कुठे ठेवलंय याला अर्थ नाही, ते किती आहे एवढंच मोजलं जातं. समजा, तोल साधायला ३० ग्रॅम वजन ५ सेंटीमीटरवर लागतं. त्याऐवजी १५ ग्रॅम १० सेंटीमीटरवर ठेवलं तरी तोल तोच राहतो. आडवं वस्तुमान सरळ १५ ग्रॅमने उतरलं. उभं जडत्व मात्र वाढलं, पण सुई बेअरिंगपासून १५ सेंटीमीटरवर धरली तर सुईपाशी ते जेमतेम साडेतीन ग्रॅमने वाढतं. म्हणजे इथे वजन हलकं घ्यायचं आणि लांब ठेवायचं. शिकलेल्याच्या नेमकं उलट.

हे करून काय मिळतं? कार्ट्रिजची लवचीकता आणि आर्मचं वस्तुमान मिळून एक नैसर्गिक कंपनसंख्या ठरते. १५९ला वस्तुमान (ग्रॅममध्ये) गुणिले लवचीकता (एक मिलिन्यूटन बळाला सुईची दांडी किती मायक्रॉन कलते तो आकडा) याच्या वर्गमुळाने भागायचं. ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावी, म्हणजे खाली रेकॉर्डच्या लाटांपासून आणि वर संगीताच्या खर्जापासून दूर. लवचीकता १० आणि आडवं वस्तुमान ३० ग्रॅम असेल तर उत्तर ९ हर्ट्झच्या जरा वर, छान. तेच ८० ग्रॅम झालं तर साडेपाच. लवचीकता २०ची मऊ कार्ट्रिज त्या ८० ग्रॅमला लावली तर ४. तिथे मग सुई रेकॉर्डच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर झोके घेते. म्हणून या आर्मला जरा ताठ कार्ट्रिज मानवते. काही जण म्हणतात की आडवं जड असलेलंच बरं, खर्ज भक्कम होतो, कारण खर्ज मुख्यतः आडव्याच हालचालीत कोरलेला असतो. त्यात तथ्य आहे. पण भक्कम आणि फुगलेला यांतला फरक कळायला मला बराच काळ लागला, आणि आता मी हलक्याच्या बाजूने आहे. थिगपेन यांनी मागचं वजन ज्या दांडीवर बसवलंय ती आडव्या दिशेने पातळ पट्टीच्या स्प्रिंगवर मोकळी ठेवली आहे. त्यामुळे एका मोठ्या कंपनाचे दोन छोटे तुकडे पडतात. ती पट्टी किती ताठ असावी यावर हौशी मंडळींत एकमत होणं नाही, आणि होऊही नये.

सर्वांत मोठी कसोटी भोक नेमकं मध्यावर नसलेल्या रेकॉर्डची. भोक एक मिलिमीटर सरकलेलं असेल तर आर्मला दर १.८ सेकंदाला एकदा बाहेर आणि एकदा आत ढकललं जातं. ४० ग्रॅमला हे करवायला सुमारे ०.०५ ग्रॅमएवढं बळ लागतं आणि सुईची दांडी पाचेक मायक्रॉन कलते. चालण्यासारखं. पण इथे सिलिकॉन ऑइलचा प्रश्न येतो. कंपन दाबण्यासाठी आर्मला एक छोटं पातं लावून ते तेलाच्या लांबट पन्हळीतून चालवतात. लोकांना वाटतं, तेल सुईच्या प्रवासाला अडवेल. तेलाचा रोध वेगावर अवलंबून असतो, आणि आत जाण्याचा वेग सेकंदाला ०.०७ मिलिमीटर. तेलाला त्याची दखलही नसते. मात्र त्या एक मिलिमीटर सरकलेल्या रेकॉर्डवर आर्मचा वेग सेकंदाला साडेतीन मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे पन्नास पट, आणि तिथे तेच तेल सुईला खेचू लागतं. घट्ट तेल आणि रुंद पातं घेतलं तर चांगल्या रेकॉर्डवर सगळं कसं शांत वाटतं, आणि सरकलेल्या रेकॉर्डवर पियानो डोलायला लागतो.

माझ्या पन्हळीत सध्या पातळ तेल आहे, निम्म्यापर्यंत, आणि पातं अरुंद आहे. भोक सरकलेल्या रेकॉर्डांच्या पाकिटांवर मी पेन्सिलने एक फुली मारून ठेवली आहे. त्या लावल्या की पातं तेलाबाहेर उचलून ठेवायचं. पातं उचललं की मात्र वायरची कमान किंचित सरकते, आणि आर्म पुन्हा एकदा तरंगवून बघावा लागतो.